आमचं गृहकर्ज फॅनी मेकडे गेलं. ही कंपनी सरकारी आहे की नाही?

एडिसनवासी
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत टाउनहाऊस घेतलं, इथल्याच एका बँकेचं 30 वर्षांचं स्थिर दराचं कर्ज काढून. दुसरा हप्ता जायच्या आत पत्र आलं: कर्जाची मालकी आता फॅनी मेकडे, हप्ता मात्र आधीच्याच ठिकाणी भरा. बायको म्हणते, आपल्याला न विचारता विकलंच कसं? त्यात ट्रम्प सरकार फॅनी मे आणि फ्रेडी मॅकचे शेअर बाजारात विकायचं म्हणतंय, अशा बातम्या. 2008 ला याच दोघी बुडाल्या होत्या ना? पुन्हा तसं झालं तर दर वाढेल? घरावर गदा येईल? पुण्याहून बाबा म्हणतात, "सरकारी आहे ना, मग कशाला काळजी करतोस." पण सरकारी आहे का, तेच कळत नाहीये.

चहाबाज
अभिनंदन! वास्तुशांत कधी? पत्र टाकू नका, फाइलला लावा. आमचं फ्रेडीकडे गेलं होतं, हप्ता चुकेल म्हणून उगाच घाबरलो. काही झालं नाही.

जुना_अंडररायटर
आधी तुमच्यापुरतं. दर आणि अटी करारात बांधलेल्या आहेत, मालक कितीही बदलोत. सही केलेली प्रॉमिसरी नोट (कर्ज फेडीन असं लिहून दिलेला कागद) काढा आणि तळाची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक तिथे फॅनी मे / फ्रेडी मॅक युनिफॉर्म इन्स्ट्रुमेंट असं छापलेलं सापडेल. म्हणजे कागद छापतानाच पुढे विकायची सोय केलेली. बँकेला 30 वर्षं पैसे अडकवून ठेवायचे नसतात. कर्ज विकलं की तिचा हात पुढच्या गिऱ्हाइकाला मोकळा.

आता बाबांच्या मुद्द्यावर. फॅनी 1938 मध्ये सरकारनेच काढली, 1968 मध्ये भागधारकांच्या हाती दिली. फ्रेडी 1970 ची. दोघी बँकांकडून गृहकर्जं विकत घेतात, त्यांची मोळी बांधून रोखे विकतात आणि कर्जदाराने हप्ते थकवले तरी पैसे देऊ अशी हमी देतात. त्या हमीची फी घेतात, ती तुमच्या व्याजदरातच मुरलेली असते. या रोख्यांमागे अमेरिकन सरकारची हमी नाही, असं रोख्यांच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं असायचं. ते कोणी मनावर घेतलं नाही. चीन-जपानच्या मध्यवर्ती बँकांपासून गावातल्या छोट्या बँकेपर्यंत सगळे धरून चालले की वेळ आली तर सरकार धावून येणारच. त्या भरवशावर दोघींना स्वस्तात पैसा मिळायचा आणि नफा भागधारकांना.

स्वतःचं भांडवल मात्र बघा. हमी दिलेल्या दर 100 डॉलरमागे कायद्याने किमान 45 सेंट! घरांच्या किमती देशभर पाव हिश्शाहून जास्त कोसळल्यावर 45 सेंट कुठे पुरणार? 6 सप्टेंबर 2008 ला त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने दोघींचा कारभार ताब्यात घेतला. तेव्हा दोघी मिळून पाच लाख कोटी डॉलरांहून जास्त कर्जांना बांधलेल्या, म्हणजे देशातली जवळपास निम्मी गृहकर्जं. सरकारने रोखेधारकांचा पैसा वाचवला, भागधारकांना वाऱ्यावर सोडलं. या दोघींचे प्रेफरन्स शेअर (लाभांशात पहिला मान असलेले शेअर) घेऊन बसलेल्या कितीतरी छोट्या बँकांचं भांडवल एका रात्रीत धुपलं. न लिहिलेली हमी अशी रोखेधारकांपुरती खरी ठरली.

एडिसनवासी
धन्यवाद दादा! नोट बघितली, तळाशी तेच छापलंय. मग 2008 चं संकट या दोघींनीच आणलं म्हणायचं का?

जुना_अंडररायटर
अर्धवट आरोप आहे तो. सगळ्यात सडकी सबप्राइम कर्जं, म्हणजे पत कमी असलेल्यांना दिलेली, वॉल स्ट्रीटने स्वतःच्या मोळ्या बांधून विकली. पण बाजार हातचा जातोय म्हटल्यावर या दोघीही सैल झाल्या. पुण्यात रात्रपाळीला अमेरिकन कर्जांच्या फायली तपासायचो तेव्हा ऑल्ट-ए प्रकारची कर्जं यायची. पगाराची स्लिप नाही, टॅक्स रिटर्न नाही. उत्पन्नाच्या रकान्यात कर्जदाराने सांगितलेला आकडा, आणि चेकलिस्टवर पुराव्यासमोर 'लागू नाही'. शेरा मारायलाही जागा नसायची. दोघींच्या एकूण कर्जांत अशी कर्जं थोडी होती, तोट्यात मात्र त्यांचा वाटा फार मोठा निघाला.

आणि बाबांना हेही सांगा: सरकारने सुमारे 191 अब्ज डॉलर ओतले, 2019 पर्यंत लाभांशापोटी 300 अब्जांच्या वर परत घेतले, तरी मुद्दल फिटलं नाही. लाभांश मुद्दलात धरायचाच नाही असा करार! 2013 पासून तर जवळजवळ सगळा नफाच सरकार उचलायचं. माझ्या मते म्हणूनच हा तिढा इतकी वर्षं सुटत नाहीये. ताबा अजून सरकारचाच, शेअर खाजगी लोकांकडेही.

ठाणेकर_ताई
आपल्याकडे नॅशनल हाउसिंग बँक आहे ना, तसलंच का हे? 1988 पासूनची, आता पूर्ण सरकारची.

जुना_अंडररायटर
नाही ताई. ती मुख्यतः हाउसिंग फायनान्स कंपन्यांना पुनर्कर्ज देते. भारतात आपलं कर्ज बहुतेक वेळा देणाऱ्याच्याच वहीत राहतं, आणि दर बदलता. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर वाढला की हप्ता किंवा मुदत वाढते. व्याजदराची जोखीम कर्जदाराच्या डोक्यावर. अमेरिकेत ती रोखे घेणाऱ्याच्या डोक्यावर, आणि 30 वर्षं स्थिर दर परवडतो तो त्या हमीमुळे. भारतातली कर्जं सर्रास रोख्यांत जायला लागली की तिथेही कोणीतरी विचारणारच, बुडालं तर पैसे कोण देणार. त्याचं उत्तर आधीच कागदावर हवं.

एडिसनवासी
शेवटचा प्रश्न. शेअर विकायच्या आधी रिफायनान्स, म्हणजे नवं कर्ज काढून हे फेडून टाकणं, करून घेऊ का?

जुना_अंडररायटर
त्या भीतीने नको. खाजगीकरण झालं आणि सरकारची हमी पातळ झाली, तर दर चढेल तो नव्या कर्जांचा. तुमचा बांधलेला आहे. बाजारातला दर तुमच्यापेक्षा बराच खाली आला, आणि क्लोजिंगचा (नव्या कर्जाच्या कागदपत्रांचा, फीचा) खर्च वर्षा-दोन वर्षांत वसूल होत असेल, तेव्हा बघा.