एक चूक आणि थेट बाहेर : शंभर मीटरच्या अंतिम फेरीत हा नियम असावा का?

शेवटचे वीस मीटर (धागाकर्ता)

१४ सप्टेंबर २०२५, टोकियोची जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धा, पुरुषांची शंभर मीटर अंतिम फेरी. आपल्याकडे रविवारची संध्याकाळ होती, सातचा सुमार. घरातल्या सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं होतं. आठ जण ब्लॉक्समध्ये (मागून पाय टेकवून सुटायचे ठोकळे) वाकले, "सेट" झालं, कंबरा वर गेल्या आणि बोत्स्वानाचा लेत्सिले टेबोगो बंदुकीआधी सुटला. फॉल्स स्टार्ट. पंचांनी लाल-काळं कार्ड दाखवलं आणि तो निघून गेला. उरलेले सात पळाले. जमैकाचा ऑब्लिक सेव्हिल ९.७७ सेकंदांत जिंकला, किशेन थॉम्प्सन ९.८२, नोआ लाइल्स ९.८९. शर्यत सुंदर झाली, सेव्हिलचं सोनं अस्सल आहे, त्याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही.

माझं म्हणणं टेबोगोबद्दल आहे. ८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये दोनशे मीटर १९.४६ मध्ये जिंकून ज्याने आपल्या देशाला पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं, तो हा मुलगा. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची आई गेली होती. तिची जन्मतारीख स्पाइक्सवर लिहून तो पळाला होता आणि जिंकल्यावर तो बूट त्याने कॅमेऱ्यासमोर धरला होता. असा माणूस टोकियोत प्राथमिक फेरी, उपांत्य फेरी पार करून अंतिम फेरीत येतो, आणि एक पाय डोळ्याचं पातं लवण्याआधी सुटला म्हणून एक पाऊलही शर्यतीत न टाकता बाहेर.

नियम २०१० पासूनचा आहे. २००२ पर्यंत प्रत्येक धावकाला स्वतःची एक चूक माफ होती, दुसऱ्या चुकीला बाद. २००३ ते २००९ पर्यंत पहिली चूक कोणाचीही असो, ताकीद सगळ्यांना, आणि त्यानंतर जो चुकेल तो बाहेर. २०१० पासून पहिल्याच चुकीला बाहेर. याचे बळी मोजा : २०११ ला देगूच्या जागतिक स्पर्धेत युसेन बोल्ट, २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत ब्रिटनचा झार्नेल ह्यूज, आता टेबोगो. तिघेही अंतिम फेरीत.

मला २००२ च्या आधीचा नियम परत हवा आहे, पण फक्त अंतिम फेरीपुरता. प्राथमिक फेऱ्यांत कडक राहा. अंतिम फेरीत मात्र ज्याची चूक त्याला एक ताकीद. जगातले सर्वांत वेगवान आठ जण निवडायला दोन दिवस घालवायचे आणि मग सात पळवायचे, हे मला पटत नाही. तुम्हाला पटतं का?

क्लॅपरवाला

मला पटतं. आणि का पटतं ते सांगतो, कारण मी तालुका आणि जिल्हा स्पर्धांत बावीस वर्षं स्टार्टर म्हणून उभा राहिलो आहे. आमच्याकडे कित्येकदा बंदूक नसते, लाकडी क्लॅपर असतो. दोन फळ्या आपटायच्या.

"सेट" म्हटल्यावर मी पोरांच्या पाठी बघत नाही, बोटं बघतो. रेषेमागे टेकवलेली बोटं. ज्याच्या मनात अंदाजाने सुटायचं आहे त्याची बोटं पांढरी पडतात, वजन पुढे गेलेलं असतं, खांदा रेषेच्या पुढे आलेला असतो. ज्याला आवाज ऐकून सुटायचं आहे त्याचे हात शांत असतात. शाळकरी स्पर्धेत पहिली चूक माफ करायची पद्धत होती तेव्हा आठांपैकी निदान दोघं तरी पहिल्या वेळी जुगार खेळायचे. लागला तर लागला, नाहीतर एक ताकीद. गमवायचं काय? आणि उरलेले सहा जण उठायचे, पाय झटकायचे, पुन्हा वाकायचे. तुम्ही ब्लॉक्समध्ये बसून बघा. तिसऱ्यांदा "सेट" होईपर्यंत मांड्यांतली सगळी धार गेलेली असते.

अटलांटा ऑलिम्पिक १९९६ आठवा. पुरुषांची अंतिम फेरी, तुमचाच लाडका नियम. १९९२ चा विजेता लिनफर्ड ख्रिस्ती एकदा चुकला, मग अॅटो बोल्डन चुकला, मग ख्रिस्ती पुन्हा चुकला आणि बाद झाला, आणि तरी बराच वेळ मैदान सोडेना. डोनोव्हन बेली चौथ्या वेळी सुटला आणि ९.८४ चा विश्वविक्रम केला, ही बेलीची महानता. बाकीच्यांच्या नशिबी काय आलं याचा विचार तुमच्या धाग्यात कुठेच नाही.

रेडिओ उशाशी

धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत. देगूची ती रात्र मी विसरूच शकत नाही. बोल्ट सुटला आणि त्याला स्वतःलाच आधी कळलं. कार्ड येण्याआधीच त्याने अंगातला बनियन काढला होता. त्याचाच देशबंधू योहान ब्लेक ९.९२ मध्ये जिंकला, समोरून वारा होता, वेळ साधारणच. त्या शर्यतीचा विजेता कोण हे आज रस्त्यावर दहा जणांना विचारा, एकाला सांगता येणार नाही. बोल्ट बाद झाला एवढं मात्र सगळ्यांना आठवतं.

क्लॅपरवाला

@रेडिओ उशाशी, त्या शर्यतीत कांस्य कोणाला मिळालं? किम कॉलिन्स. वय ३५. २००३ चा जगज्जेता, आठ वर्षांनी पुन्हा पदकावर. १०.०९. तो ब्लॉक्समध्ये शांत बसला म्हणून त्याला ते मिळालं. लोकांना आठवत नसेल तर दोष लोकांच्या आठवणीचा, कॉलिन्सचा नाही.

मिलिसेकंद

दोन्ही बाजू चुकीच्या दाराशी भांडत आहेत असं मला वाटतं. एक चूक माफ की नाही हा नंतरचा प्रश्न. आधी ठरवा, चूक म्हणजे काय.

आजचा नियम असा : ब्लॉक्सच्या पाटीवर पायाचा दाब मोजणारी यंत्रणा असते. बंदुकीनंतर ०.१०० सेकंदाच्या आत दाब वाढला तर तो फॉल्स स्टार्ट. म्हणजे बंदूक वाजल्यावर हललात तरी बाद होऊ शकता, कारण इतक्या लवकर माणूस प्रतिक्रिया देऊ शकत नाही असं गृहीत धरलं आहे.

२०२२, अमेरिकेतल्या यूजीनची जागतिक स्पर्धा, ११० मीटर अडथळ्यांची अंतिम फेरी. डेव्हॉन अॅलन, घरचं मैदान, त्याच विद्यापीठात शिकलेला. महिन्याभरापूर्वी १२.८४ पळालेला, काही आठवड्यांपूर्वी वडील गेलेले. उपांत्य फेरीत त्याची प्रतिक्रिया ०.१०१, सगळं ठीक. अंतिम फेरीत ०.०९९. बाद! सेकंदाचा एक हजारावा भाग. बंदूक वाजल्यानंतर सुटलेला माणूस. त्याने अंदाज घेतला हे कोण सिद्ध करणार? खुद्द जागतिक संघटनेने करवून घेतलेल्या फिनलंडमधल्या संशोधनाने २००९ मध्येच सुचवलं होतं की ही मर्यादा ०.०८० च्या आसपास खाली आणा. आणली नाही.

आकडे किती नाजूक आहेत ते बघा. एक लेन १.२२ मीटर रुंद. पहिल्या लेनजवळ एकच बंदूक वाजली तर आठव्या लेनपर्यंत साडेआठ मीटर. आवाजाला ते अंतर कापायला सुमारे ०.०२५ सेकंद लागतात. म्हणून तर आता प्रत्येक ब्लॉकमागे स्वतंत्र स्पीकर असतो. पंचवीस हजारांशांसाठी स्पीकर बसवता आणि एका हजारांशासाठी माणूस घरी पाठवता?

तेव्हा नियम कडकच ठेवा, पण आकडा खाली आणा.

शेवटचे वीस मीटर

@मिलिसेकंद, अॅलनबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य. पण टेबोगो आणि बोल्ट यांना त्याने काही फरक पडत नाही. ते दोघे बंदुकीच्या आधीच सुटले होते. माझा प्रश्न शिक्षेच्या मापाचा आहे. क्रिकेटमध्ये नो-बॉल टाकला तर एक धाव जाते, गोलंदाजाला हॉटेलवर पाठवत नाहीत.

@क्लॅपरवाला, शाळेतली पोरं जुगार खेळतात हे खरं, पण पॅरिस ऑलिम्पिकची शंभर मीटर अंतिम फेरी बघा. लाइल्स आणि टेबोगो दोघांची प्रतिक्रिया ०.१७८, आठांत सर्वांत मंद. आणि लाइल्स तरीही जिंकला, ९.७८४ विरुद्ध थॉम्प्सनचे ९.७८९. पाच हजारांशांनी. म्हणजे या पातळीवर सुरुवातीच्या जुगाराने सोनं मिळतंच असं नाही. मग ताकीद दिल्याने कोणाचं काय बिघडणार?

क्लॅपरवाला

साहेब, तुमचं उदाहरण माझ्या बाजूने बोलतंय. पाच हजारांशांनी सोनं गेलं! म्हणजे कोणी अंदाजाने सुटून तीस-चाळीस हजारांश मिळवले तर निकालच फिरला असता. थॉम्प्सनची प्रतिक्रिया ०.१७६ होती. त्याला एक फुकटची ताकीद असती तर त्याने काय केलं असतं, हे तुम्ही आणि मी सांगू शकत नाही, पण मोह झाला असता एवढं नक्की.

दहा अडथळे

मी हडल्स पळायचे (आम्ही मैदानावर हर्डल्सला हडल्सच म्हणतो), म्हणून आपल्या ज्योती याराजीची गोष्ट इथे आणते. शर्यत महिलांची आहे, पण मुद्दा तोच.

१ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ आशियाई स्पर्धा, शंभर मीटर हर्डल्स अंतिम फेरी. चीनची वू यान्नी बंदुकीआधी सुटली. शेजारी ज्योती तिच्यामागोमाग हलली. पंचांनी आधी दोघींना बाद ठरवायला घेतलं. ज्योती तिथेच उभी राहून भांडली, पडद्यावर पुन्हा पुन्हा दाखवायला लावलं. शेवटी दोघींना पळू दिलं. ज्योती तिसरी आली, नंतर वू बाद झाली आणि ज्योतीला रौप्य मिळालं.

आता धागाकर्त्याच्या नियमाने हीच शर्यत लावून बघा. वूला ताकीद, ज्योतीला कदाचित ताकीद, पुन्हा ब्लॉक्समध्ये. वूने ती सुरुवात मुद्दाम केली असं मी म्हणत नाही. पण जिने पहिली चूक केली तिचं काहीच गेलं नसतं, आणि जी तिच्यामुळे हलली तिच्या डोक्यात मात्र पुढच्या बंदुकीपर्यंत भीती बसली असती. अंगावर ताकीद असली की पाय सुटतच नाहीत, हे मी अनुभवाने सांगते. आवाज ऐकू येतो, तरी आपण आणखी एक क्षण थांबतो. दहा अडथळे पार करूनही तो क्षण भरून निघत नाही.

२००३ ते २००९ चा नियम तर आणखी वाईट होता. बर्लिनच्या २००९ च्या जागतिक स्पर्धेत शंभर मीटरच्या उपांत्य फेरीत पहिली चूक बोल्टची होती. ताकीद सगळ्यांना. मग ब्रिटनचा टायरोन एडगर सुटला आणि बाद झाला तो. बोल्टने दुसऱ्या दिवशी नव्हे, त्याच संध्याकाळी ९.५८ केले. एडगरचं नाव कोणाच्या लक्षात आहे?

रेडिओ उशाशी

एडगरचं मला खरंच माहीत नव्हतं. मग २००३ चा ड्रमंड आठवा : पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत त्याच नियमाखाली जॉन ड्रमंड आणि असाफा पॉवेल एकाच वेळी बाद झाले आणि ड्रमंड लेनमध्ये आडवा पडून राहिला, "मी हललोच नाही" म्हणत. मोठी माणसं लहान मुलासारखी आडवी होतात, इतकं त्या क्षणात असतं. म्हणूनच मला एक संधी हवी असं वाटतं. मत बदललेलं नाही.

नाशिकचा धावक

मी मोठ्या स्पर्धेचा माणूस नाही. शाळेत असताना विभागीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत होतो, एवढंच. शेजारच्या लेनमधला मुलगा आधी सुटला. पंचांनी परत बोलावणारी शिट्टी मारली, पण कडेला लाऊडस्पीकरवर बक्षीस समारंभ चालू होता. मला शिट्टी ऐकूच आली नाही. सत्तर मीटर जीव खाऊन पळालो. समोरच्या टेबलावरच्या सरांनी हात हलवले तेव्हा थांबलो.

चालत परत आलो. तो मुलगा ताकीद घेऊन आपल्या लेनमध्ये पाणी पीत उभा होता. पाच मिनिटांत पुन्हा "ऑन युवर मार्क". माझे पाय जड झाले होते, पोटरीत गोळा आला होता. मी सहावा आलो. तो दुसरा आला आणि राज्य स्पर्धेला गेला. त्याच्यावर माझा राग नाही, तो मुद्दाम सुटला नव्हता. पण धागाकर्ते ज्याला "एक संधी" म्हणतात ती माझ्या पायांतून दिली गेली.

शेवटचे वीस मीटर

@नाशिकचा धावक, दादा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. सत्तर मीटर पळून परत येणाऱ्याचा विचार मी केलाच नव्हता. जागतिक स्पर्धेत दोन पावलांत परत बोलावतात, तरीही तुमचं म्हणणं उरतंच.

तरी एक सुचवतो. डेकॅथलॉनमध्ये (दोन दिवसांत दहा प्रकारांची स्पर्धा) आजही पहिल्या चुकीला बाद करत नाहीत, सगळ्यांना मिळून एक ताकीद देतात. कारण एका चुकीने दोन दिवसांची मेहनत जाऊ नये, हे तिथे संघटनेने स्वतः मान्य केलं आहे. मग चार वर्षांची मेहनत जाऊ नये हे का मान्य होत नाही? टेबोगोने त्याच स्पर्धेत नंतर पावसात बोत्स्वानाबरोबर चार गुणिले चारशेचं सोनं जिंकलं, याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्या रविवारी संध्याकाळी तो बोगद्याकडे चालत गेला तेव्हा माझ्या धाकट्या मुलाने विचारलं, "बाबा, तो का पळत नाहीये?" मला नियम सांगता आला. बरोबर आहे असं सांगता आलं नाही.

क्लॅपरवाला

मुलाला सेव्हिलबद्दल सांगा. पॅरिसच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत ९.९१ पळूनही तो आठवा, म्हणजे शेवटचा आला होता. वर्षभराने टोकियोत तो ब्लॉक्समध्ये वाकलेला असताना त्याच रांगेतला एक जण सुटला. पुन्हा उठायचं, पुन्हा श्वास लावायचा, पुन्हा वाकायचं. बोल्टचे गुरू ग्लेन मिल्स हेच त्याचे गुरू, बोल्ट स्वतः गॅलरीत बसलेला, २०१५ नंतर जमैकाच्या पुरुषाला शंभर मीटरचं जागतिक सोनं नाही, एवढं सगळं डोक्यावर. दुसऱ्यांदा "सेट" झाल्यावर त्याची बोटं कशी होती ते चित्रफीत थांबवून मुलाला दाखवा.