अर्धा तास पट्टी बांधली, मग काय कळलं?

चौकट: परवा एका शिबिरात अर्धा तास डोळ्यांवर पट्टी बांधून वावरलो. दाराच्या कडेवर कपाळ आपटलं, पेला भरताना निम्मं पाणी जमिनीवर. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ म्हणतात ते पटलं. अंध माणसाचं जगणं आज आतून समजलं. तुम्हाला काय वाटतं?

रातकिडा: तुम्हाला कळला तो अंधत्वाचा पहिला अर्धा तास, आणि तोही पट्टी सुटणार याची खात्री असलेला. मला दिसेनासं होऊन २० वर्षं झाली. पेला भरताना मी बोट काठाच्या आत वाकवून धरतो, पाणी लागलं की थांबतो. फोन मला इतक्या भरभर वाचून दाखवतो की शेजारचा विचारतो, बिघडलाय का? तुम्ही घरी नेलीत ती तुमची धांदल. माझं जगणं त्यात कुठे आहे?

तिसरी घंटा: २०१५ मध्ये मानसशास्त्रज्ञ एरिएल सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांचा यावरच अभ्यास आला होता. पट्टी बांधून वावरलेल्यांना अंध माणसं कामाला आणि स्वतंत्र राहायला कमी सक्षम वाटली, पट्टी न बांधलेल्यांना वाटली त्यापेक्षाही. म्हणजे हेतू चांगला, परिणाम उलटा!

चौकट: मग काय, दुसऱ्याच्या जागी उभंच राहायचं नाही? असं म्हटलं की माणूस हात झटकायला मोकळा.

कोरा कागद: नाहीच उभं राहता येत. तत्त्वज्ञ थॉमस नेगेलने १९७४ मध्ये विचारलं होतं, वटवाघूळ असणं म्हणजे काय? कितीही कल्पना केली तरी उलटं लटकलेले आपणच असतो. (शिबिरवाल्यांना ही कल्पना देऊ नका.)

तिसरी घंटा: अहो, वटवाघूळ बोलत नाही, माणूस बोलतो. २०१८ मध्ये इयाल, स्टेफल आणि एप्ली या संशोधकांनी २५ प्रयोगांतून हेच तपासलं. दुसऱ्याच्या मनातलं नुसत्या कल्पनेने जास्त अचूक ओळखता येईना. त्याच्याशी बोलल्यावर मात्र अंदाज सुधारला.

कोरा कागद: सांगितलेलं कळणं आणि ते असणं, यात फरक आहेच. माझा मुद्दा तिथेच.

रातकिडा: असू दे फरक. मला कुणी ‘मी’ व्हायला नकोय. दारात उभं राहून मी काय करतो ते बघितलं तरी पुष्कळ.

चौकट: बरं, मग विचारतोच. पाणी उकळतं असेल तर बोट कसं घालता?

रातकिडा: नाही घालत. पेला भरत आला की ओतण्याचा आवाज बारीक होत चढतो. ऐकून बघा. पट्टी लागत नाही.