सुप्याच्या माळावर तंबू आणि सोबत कुत्रा: न्यावा की नाही?

माळवाट:
थंडी पडली की पुण्याहून सुपे, मोरगाव, इंदापूरकडे तंबू घेऊन निघणाऱ्यांत हल्ली कुत्रीही असतात. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात कुत्रा न्यायचा नाहीच, त्यावर वाद नाही. प्रश्न हद्दीबाहेरच्या शेतातल्या मुक्कामाचा. माझं मत: शेतमालकाला विचारून खुशाल न्यावा, पण शिस्तीत. छातीला हार्नेस आणि दोन मीटरचा साधा पट्टा. बटण दाबून लांब सुटणारा पट्टा नको. ससा उठला की कुत्रा हिसका देतो, बारीक दोरी बोरी-बाभळीत अडकते आणि हात कापते. २५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला दीड लिटर पाणी लागतं, उन्हात चालणार असाल तर अडीच धरा. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), रेबीज या रोगांच्या सगळ्या लशी पूर्ण हव्यात. रात्री कुत्रा तंबूत, झिप बंद, कारण फुरसं आणि मण्यार रात्रीच फिरतात. खाली जुनी सतरंजी, नाहीतर नखांनी तंबूचा तळ फाटतो.

खोकड:
साफ विरोध. अभयारण्य आहे जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. चिंकारा तेवढ्यात मावतो का? तो आजूबाजूच्या पडीक रानात आणि शेतांतही चरतो. तुमचं 'हद्दीबाहेर' त्याच्या गावीही नाही. शिवाय तंबूचा हंगाम नेमका लांडग्यांच्या पिल्लांचा. बिळाजवळ उपद्रव वाटला की मादी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि चांगली बिळं आता उरलीत किती? पट्टा बांधला म्हणून कुत्र्याचा वास आणि भुंकणं थांबत नाही.

माळवाट:
रानातल्या प्राण्यांना कुत्र्यांपासून होणाऱ्या रोगांचं म्हणाल, तर ते पसरवतात ती गावाभोवतीची मोकाट, लस न दिलेली कुत्री. ती रोज माळावर असतात. लस दिलेलं, नसबंदी झालेलं एक कुत्रं दोन रात्री बांधून ठेवलं तर त्यात कितीशी भर पडते?

खोकड:
मोकाट कुत्र्यांचा प्रश्न मोठा आहे, मान्य. पुण्याजवळच्या माळावर लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय, आणि २०१८ मध्ये गीरचे सिंह डिस्टेंपरने दगावले. म्हणून तर भर नको. डिस्टेंपरची लस गोचीड थांबवत नाही, जंतही नाही. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून विष्ठा पुरायची नाही, पिशवीत बांधून परत न्यायची. हे किती जण करतात?

घाटवळण:
जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात तर हा विचारच सोडा. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात सर्वाधिक सापडलेलं भक्ष्य कुत्राच होता. बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे आमिष. आत घेतला तर बिबट्या आणि तुमच्यात फक्त नायलॉनचं कापड.

माळवाट:
ऊसपट्टा वगळला, पटलं. सुप्याकडे मात्र आधी दिवसा फिरून माग बघता येतात. लांडग्याचे ठसे दिसले तर तळ हलवायचा.

खोकड:
तिथेच घोटाळा आहे. लांडग्याचा आणि मोठ्या गावठी कुत्र्याचा ठसा शेजारी ठेवला तरी जाणकार चुकतात. चार बोटं, नखांच्या खुणा, दोन्हीकडे सारखंच. तुमचाच कुत्रा तासभर तिथे फिरल्यावर त्या मातीत काय वाचणार?