संचांच्या आकृतीतील सीमारेषा अर्थ न बदलता गुळगुळीत कशा कराव्यात?

प्रश्न
गोदावरी, कृष्णा, नर्मदा आणि तापी यांची खोरी कोणकोणत्या राज्यांत पसरली आहेत, हे दाखवणारी संचांची आकृती मी भित्तिपत्रकासाठी तयार करत आहे. प्रत्येक खोरे हा एक संच असून राज्ये हे त्याचे घटक आहेत. संगणकाने काढून दिलेल्या सीमारेषा बहुभुजांच्या, म्हणजे कोपरेच कोपरे असलेल्या आहेत. शिवाय नर्मदा व तापी यांच्या रेषा बऱ्याच अंतरापर्यंत एकमेकींवर पडल्यामुळे कोणती रेषा कोठे वळली, हे कळत नाही. कोपरे गोलाकार करून पाहिले, तेव्हा छत्तीसगड नर्मदेच्या संचाबाहेर पडले. यावर काय उपाय करावा?

पहिले उत्तर
आपण बहुधा चायकिन यांची १९७४ सालची कोपरे छाटण्याची रीत वापरली असावी. तीत प्रत्येक बाजूवर पाव आणि पाऊण अंतरावर दोन बिंदू घेऊन जुने शिरोबिंदू टाकून देतात, त्यामुळे बाहेर आलेला प्रत्येक कोपरा आत सरकतो आणि त्या कोपऱ्यात लिहिलेले नाव उघड्यावर पडते. नावे आधी कोपऱ्यांपासून दूर हलवावीत आणि प्रत्येक फेरीनंतर सर्व राज्ये आपापल्या संचांत आहेत का, हे तपासावे. दोन-तीन फेऱ्या पुरेशा होतात. कॅटमुल-रॉम वक्र (दिलेले बिंदू गुळगुळीत रेषेने जोडण्याची दुसरी रीत) मूळ बिंदूंतून जातो हे खरे, परंतु दोन बिंदूंच्या मध्ये तो फुगू शकतो आणि शेजारचे राज्य गिळू शकतो.

दुसरे उत्तर
छाटणीच्या सूचनेशी मी सहमत आहे, परंतु येथील मुख्य अडचण कोपऱ्यांची नसून सामाईक रेषेची आहे. नर्मदा व तापी यांच्या रेषा स्वतंत्रपणे गुळगुळीत केल्या, तर त्या जेथे एकमेकींपासून फुटतात तेथे बारीक फटी तयार होतात आणि वाचकाला त्या फटी म्हणजे वेगळे भागच वाटतात.

आता आपली माहितीच पाहा. कृष्णेच्या खोऱ्यातील चारही राज्ये, म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेश, गोदावरीच्या खोऱ्यातही आहेत, आणि तापीची तिन्ही राज्ये, म्हणजे मध्य प्रदेश, महाराष्ट्र व गुजरात, नर्मदेतही आहेत. याचा अर्थ कृष्णा हा गोदावरीचा आणि तापी हा नर्मदेचा उपसंच आहे. म्हणून बहुभुज बाजूला ठेवून चार लंबवर्तुळे घ्यावीत: गोदावरी व नर्मदा एकमेकांना छेदणारी मोठी, गोदावरीच्या पोटात कृष्णा, नर्मदेच्या पोटात तापी, आणि कृष्णा व तापी यांचा छेद मधल्या सामाईक भागात. महाराष्ट्र चारही संचांत असल्याने त्या छेदात बसेल, मध्य प्रदेश कृष्णेबाहेर पण उरलेल्या तिन्हींत राहील, छत्तीसगड केवळ गोदावरी-नर्मदेच्या छेदात येईल, गुजरात गोदावरीबाहेरच्या तापीत जाईल आणि ओडिशा एकट्या गोदावरीत उरेल.

रेषा एकमेकींना शक्य तितक्या काटकोनाच्या जवळ छेदू द्याव्यात. छेदबिंदूपाशी डोळा सरळ पुढे जाणारी रेषाच धरून चालतो, आणि रेषा घासून गेल्या की तो चुकून दुसरीवर जातो. गुळगुळीतपणाचा खरा उपयोग तेथेच आहे.

प्रश्नकर्ता
लंबवर्तुळांनी आकृती पुष्कळच सुटसुटीत झाली. मात्र दोन भाग रिकामे राहतात: एकट्या नर्मदेचा, आणि गोदावरी, कृष्णा व नर्मदा असूनही तापी नसलेला. वाचक तेथे राज्याचे नाव शोधतील, असे वाटते.

दुसरे उत्तर देणारे
ते दोन्ही भाग फिकट राखाडी रंगाने भरावेत आणि सूचीत ‘राखाडी भागात एकही राज्य नाही’ असे लिहावे. ते टाळण्यासाठी रेषा पुन्हा एकमेकींवर आणल्यास मूळ गोंधळच परत येईल. त्यातही पहिला भाग वाचकाला काही सांगतो: नर्मदेच्या खोऱ्यातील प्रत्येक राज्याचा उरलेल्या तीन खोऱ्यांपैकी निदान एकाशी संबंध आहे. दुसरा भाग आकाराने लहान ठेवावा, म्हणजे कृष्णेची रेषा नर्मदेत शिरल्यावर लगेच तापीत जाईल अशी तिची जागा निवडावी.