सदतीस ऐकलं, ७३ लिहिलं
पाढे पाठ नसतात म्हणून मुलांचं गणित कच्चं राहतं, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या चौथीतल्या एका मुलीचे पाढे खडखडीत पाठ होते, तरी तोंडी सांगितलेल्या बेरजा चुकायच्या. दोन आठवडे मला कारणच कळेना. मग नुसते आकडे सांगून लिहायला लावले. ‘सदतीस’ म्हटलं की ती ७३ लिहायची! मराठीत आपण आधी एकक बोलतो, मग दशक, आणि लिहितो उलट. एकोणसाठमध्ये तर साठ ऐकू येतं आणि लिहायचे असतात ५९.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जुने शब्द जावेत असं मलाही वाटत नाही, पण अडचण खरी आहे. मी दोन्ही वापरते. दहाच्या तीन नोटा, रुपयाची सात नाणी. आधी ‘तीस सात’, मग ‘सदतीस’. महिन्याभराने तिने पुन्हा ७३ लिहिलं, थांबली, स्वतःच खोडून ३७ केलं आणि माझ्याकडे न बघता पुढचं गणित घेतलं. त्या संध्याकाळी मला फार आनंद झाला.