परसातल्या टाकीत गोड्या पाण्यातली कोळंबी कायमची कशी टिकवावी?

विहीरकाठ:
परसात नवी सिमेंटची टाकी आहे. 10 फूट लांब, 8 फूट रुंद, 3 फूट खोल, म्हणजे साधारण 6,800 लिटर. जांभ्याची जमीन, पाणी विहिरीचं, सामू (pH) 6.5. टाकीवर दोन पोफळी झुकलेल्या आहेत. कोळंबी एकदा सोडली की तिथेच वाढत राहावी, दरवर्षी बी, म्हणजे सोडायची पिल्लं, आणावं लागू नये. जंबो, म्हणजे खाण्याची मोठी कोळंबी, सोडू की शोभेची छोटी? डासांसाठी गप्पी मासे चालतील का?

खाजणवाट:
दरवर्षी बी नको असेल तर जंबोचा विचार सोडा. ती वाढते गोड्या पाण्यात, पण तिच्या अळ्यांना निमखारं पाणी लागतं, लिटरमागे 12 ग्रॅमच्या आसपास क्षार. म्हणूनच नदीतली मादी अंडी घेऊन खाडीकडे उतरते. तुमच्या टाकीत अंडी फुटतील, अळ्या मात्र काही दिवसांतच मरतील. फक्त खाण्यापुरती हवी असेल तर 20-25 नग पुरेत, आणि तळाशी कौलं व पाइपचे तुकडे हवेतच. कात टाकलेली कोळंबी मऊ असते, आडोसा नसला तर बाकीच्या तिला खातात.

तुम्हाला शोभेची छोटी, म्हणजे चेरी कोळंबी योग्य. तिच्यात पोहणाऱ्या अळीची अवस्थाच नाही. मादी पोटाखाली 20-30 अंडी धरते, पोटाचे पाय सतत हलवून त्यांना पाणी घालत राहते आणि तीनेक आठवड्यांत मिलिमीटर-दोन मिलिमीटरची तयार कोळंबीच बाहेर पडते. सुरुवातीला 40 नग घ्या.

पण आज सोडू नका. नव्या सिमेंटचा चुना सामू 10 च्या वर नेतो. टाकी भरा, पाच दिवस ठेवा, रिकामी करा. असं चार वेळा. केळीच्या खुंटाचे तुकडे भिजत घातले तर काम लवकर होतं. सामू आठवडाभर 8 च्या खाली राहिला की हायड्रिला आणि जावा मॉस या पाणवनस्पती लावा आणि महिनाभर थांबा. भिंतीला हात लावल्यावर बुळबुळीत लागलं पाहिजे. पिल्लांचं अन्न तोच थर आहे.

मोरपीस_22:
सामूपेक्षा मला त्या दोन पोफळींची काळजी वाटते. सुपारीच्या कोळे रोगासाठी (फळं कुजण्याच्या बुरशीसाठी) बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारता ना? 1 टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटरला 1 किलो मोरचूद, म्हणजेच तांबं. माशाला सोसेल एवढ्या तांब्यानेही कोळंबी मरते, आणि तुमच्यासारख्या कमी क्षारांच्या, आंबट पाण्यात ते जास्तच बाधतं. फवारणीच्या दिवशी ताडपत्री घालून भागत नाही. पुढचे पाऊस झावळांवरून ठिबकतात, तेच तांबं घेऊन. टाकीवर कायमचं उतरतं पत्र्याचं छप्पर करा, पागोळी टाकीबाहेर पडेल असं. बाजूंनी उजेड येऊ द्या.

जांभ्याच्या पाण्यात कॅल्शियमही कमी. किलोभर धुतलेले शिंपले जाळीच्या पिशवीत टांगून ठेवा. डोकं आणि पाठ यांच्या सांध्यावर पांढरं कडं दिसलं तर कात अडकली आहे, ती कोळंबी बहुधा वाचत नाही.

रोपवाटिकेतून आणलेली पाणवनस्पती आधी 10 दिवस बादलीत, रोज पाणी बदलून. कीटकनाशक पानांत मुरलेलं असतं.

विहीरकाठ:
छप्पर होईल. गप्पींचं काय?

खाजणवाट:
गप्पी पिल्लं खातात. मॉस दाट असेल तर काही वाचतात, पण संख्या वाढायला वर्ष जातं. पहिले सहा महिने गप्पी नकोतच. डासांसाठी बीटीआय (डासांच्या अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध) वापरा, कोळंबीला ते बाधत नाही. टेमीफॉस या रासायनिक अळीनाशकाचा मात्र थेंबही नको. आरोग्य कर्मचारी टाक्या तपासायला येतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. धूर फवारणीच्या वेळी टाकी झाका, त्यातलं औषधही कोळंबीला मारतं.

खाणं आठवड्यातून दोनदा, देशी बदामाचं वाळलेलं पान किंवा उकडलेली पालकाची दोन पानं. दुसऱ्या दिवशी उरलेलं काढा.

जादा पाण्याच्या पाइपला 1 मिलिमीटरची जाळी बसवा आणि तो पाइप शोषखड्ड्यात सोडा, पऱ्यात (ओढ्यात) नाही. चेरी इथली नाही. पऱ्यात आपली स्वतःची झिंगी आहेत, त्यांच्यात ही मिसळायला नको.