पाठीवर घर घेऊन डोंगरात: राष्ट्रीय उद्यानांतली पहिली भटकंती, पहिला तंबू. आपापले अनुभव लिहा

रानजाई
काल रात्री लेक गॅरेजमधून ओरडली, "आई, हा काळा पिंपासारखा डबा कसला गं?" कणकेचे हात तसेच घेऊन गेले. झाकण नाण्याने फिरवून उघडायचं असतं, ते उघडलं आणि आतून हिंगाचा वास आला. एकवीस वर्षांनी. मी तिथेच खाली बसले.

आमचा अस्वलडबा तो. अस्वलाला फोडता येऊ नये असा जाड प्लास्टिकचा, खाणं ठेवायला.

२००४ चा जुलै होता. लग्नाला दीड वर्ष, कॅलिफोर्नियात येऊन वर्षही झालं नव्हतं. योसेमिटीत वर ट्वालमी मेडोजपासून जॉन म्यूर ट्रेलने चालत खाली दरीत उतरायचं, तीन रात्री तंबूत राहायचं आणि मग गाडीने सेक्वोया गाठायचं, असा बेत नवऱ्याने आणि त्याच्या मित्राने आखला होता. साधारण ३५ किलोमीटर चाल. मी सांगलीची. डोंगर म्हणजे शाळेच्या सहलीतला पन्हाळा, तिथवरही एसटीने गेलेले. परवान्याच्या खिडकीतल्या रेंजरबाईंनी बजावलं होतं की ज्याला म्हणून वास आहे ते सगळं रात्री डब्यात टाका. टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलमसुद्धा. आणि डबा तंबूपासून तीस मीटर लांब ठेवा.

माझी सॅक १६ किलोची आणि मी ४९. त्यात अर्धा किलो तूरडाळ. पहिली रात्र कॅथेड्रल लेकच्या काठाजवळ. त्या उंचीवर (२,८०० मीटर) पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं हे दीड तास ढवळल्यावर आठवलं. डाळ काही शिजली नाही, गॅसची अर्धी नळकांडी मात्र संपली. पोहे भिजवून मीठ-तिखट लावून खाल्ले आम्ही चौघांनी. डास इतके की घास तोंडात घालेपर्यंत जाळी वर करायची, लगेच खाली. पण समोर कॅथेड्रल पीकचं ते दुहेरी टोक पाण्यात दिसत होतं आणि सूर्य गेल्यावर ग्रॅनाइट आतून दिवा लावल्यासारखा गुलाबी झाला. मला रडूच आलं. नवऱ्याला वाटलं पाय दुखतायत.

अस्वल दुसऱ्या रात्री आलं. दोनच्या सुमारास लांबून डबा दगडावर आपटल्याचा आवाज. थोडा वेळ शांत. परत ठक्. नवरा आणि मित्र पातेली वाजवत ओरडले, मी तंबूची चेन घट्ट धरून "भीमरूपी" म्हणत होते. सकाळी डबा उतारावर वीसेक पावलं खाली सापडला. त्यावरचे दातांचे ओरखडे आजही बोटाला लागतात. आतला चिवडा जसाच्या तसा होता.

तिसऱ्या दिवशी नवरा हाफ डोम या ग्रॅनाइटच्या घुमटावर लोखंडी केबल धरून चढून गेला. (तेव्हा परवाना लागत नसे, आता त्यासाठी सोडत असते.) मी खाली खडकावर बसून राहिले. त्याची खंत तेव्हाही नव्हती, आज तर नाहीच. दरीत उतरल्यावर पहिला फोन सांगलीला केला. बाबांना अस्वलाचं सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग जेवलीस का नाही?"

बाबा नाहीत आता. लेक पुढच्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर किंग्ज कॅन्यनला चालली आहे, रे लेक्सचा ६६ किलोमीटरचा फेरा. पहिल्यांदाच. डबा घासून ठेवलाय, पण वास जात नाही.

तुमचं सांगा ना. जागा कुठलीही असो, पहिली वेळ हवी.

गिरिजा_ठाणे
बाबांचं वाक्य वाचून लोकलमध्ये डोळे पुसतेय.
माझी फुलोंकी घाटी, उत्तराखंडातली. २०१६, ऑगस्ट. तंबू घांघरियात, कारण दरीत मुक्काम करू देत नाहीत, दिवस मावळायच्या आत बाहेर पडावंच लागतं. गोविंदघाटापासून वर येताना खेचरांची लीद, पाऊस, पोंचोच्या आत घाम, बाहेर पाणी. दुसऱ्या दिवशी दरीत पोचलो तर नुसतं धुकं! फुलं पायाशी होती तेवढीच. वाईट वाटलं. आत ती एका इंग्रज बाईंची समाधी आहे ना, जोन लेग, १९३९ साली फुलं गोळा करताना घसरून गेल्या, तिथे टेकलो आणि दहा मिनिटांसाठी धुकं उचललं गेलं. समोरचा अख्खा उतार गुलाबी, जांभळा, पिवळा. कोणी बोललं नाही. फोटोही काढायचं सुचलं नाही.
स्टेशन आलं. बाकीचं नंतर.

सह्यवेडा
रानजाई, तंबू किती किलोचा होता? मी यंदा पहिल्यांदा घेतोय, दोन माणसांचा, २.४ किलोचा मिळतोय, जड होईल का

आजोबा_साताऱ्याचे
मी ७१ वर्षांचा आहे, मोबाईलवर हळू लिहितो. आमची पहिली वेळ वासोट्याची, १९८३ च्या डिसेंबरात. बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडून पलीकडे उतरलो. तंबू नव्हता. ताडपत्री, घोंगड्या, भाकरीचं पीठ आणि एक कंदील. रात्री गडावर राहिलो. बाबूकड्याच्या बाजूने वारा असा घोंघावत होता की ताडपत्रीच्या चारही कोपऱ्यांवर चौघे झोपलो. पहाटे सांबर भोंकलं. तो आवाज मी अजून विसरलो नाही.
पुढे १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आता तिथे मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत परत यावं लागतं. आमच्यातले काही मित्र यावर चिडतात. मला ते योग्यच वाटतं. आम्ही राहिलो तेव्हा वर्षाला मोजकी माणसं जात. आज सुट्टीच्या दिवशी बामणोलीला रांग असते. इतक्या माणसांनी वर चुली पेटवल्या तर सांबर कुठे जाईल?

गिरिजा_ठाणे
आजोबा, नमस्कार तुम्हाला 🙏 घोंगडीवर एक वेगळा धागा काढा ना, प्लीज

केतकी_आर
माझी पहिली वेळ अर्धवट राहिली, तरी लिहिते.

कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान, सिक्कीम, गोचा ला खिंड. युकसोमपासून सुरुवात, १,७८० मीटर. सामान झो वाहतात, याक आणि गाय यांचा संकर. खूप शांत जनावर, गळ्यातली घंटा दिवसभर पुढे-मागे वाजत असते. साचेनपर्यंत मजेत गेलो. त्शोकाला ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले, लाल, पांढरे, मध्ये लाकडी गोंपा, म्हणजे बौद्ध मठ. मी सगळ्यांत पुढे होते. हीच चूक. दोन महिने पर्वतीच्या पायऱ्या केल्या होत्या, त्यामुळे वाटलं दम आहे तर काळजी नाही. पण उंचीचा आणि दमाचा काही संबंध नसतो.

झोंगरीला (४,००० मीटर) पोचले तेव्हा डोकं ठणकत होतं. कोणाला सांगितलं नाही. रात्री दोन उलट्या झाल्या, तंबूच्या बाहेर जाताना तोल गेला. मैत्रिणीने ते बघितलं आणि गाइडदादांना उठवलं. त्यांनी मला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. मला जमलं नाही. ते फक्त "नीचे" म्हणाले. मी हात जोडले, भांडले, एवढे पैसे भरलेत म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. रात्री साडेतीनला बॅटरीच्या उजेडात दोन जणांनी धरून मला खाली आणलं. त्शोकाला पोचेपर्यंत डोकं हलकं झालं होतं.

बाकीच्यांनी कांचनजंगावरचा सूर्योदय बघितला. मी गोंपाच्या पायरीवर चहा पीत बसले होते. डोकं दुखतंय हे संध्याकाळीच सांगितलं असतं तर त्या दोघांना रात्री ती वाट करावी लागली नसती. त्या दादांना पुढच्या वर्षी फोन केला, त्यांना आठवतही नव्हतं. म्हणाले असं दर मोसमात होतं.

कृपा करून कोणीही डोकेदुखी लपवू नका.

सह्यवेडा
बाप रे. बरं झालं लिहिलंस. गोळी घेतली होतीस का, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स?

केतकी_आर
नाही. आणि घेतली असती तरी त्रास सुरू झाल्यावर उपाय खाली उतरणं हाच. डॉक्टरांना विचारूनच घे रे.

मेतकूटभात
मला मधेच एक विचारायचंय, डाळ शिजत नाही हे पटलं, मग नेता काय? मी मेतकूट, भाजलेले पोहे आणि सातूचं पीठ नेते. सातूच्या पिठात गूळ आणि सुंठ आधीच मिसळून ठेवायची, वर नुसतं पाणी. जाताना वजन नाही आणि चूल पेटली नाही तरी पोट भरतं.

अवनी_डेन्व्हर
कोरडं पिठलं! बेसन खमंग भाजून त्यात तिखट, हळद, मीठ, जिरेपूड, सुकवलेला लसूण. उकळत्या पाण्यात टाकलं की तीन मिनिटं.

रॉकी माउंटनबद्दल एकच सांगते, घाईत आहे. उन्हाळ्यात तिथे दुपारी विजा होतात. आम्ही पहिल्या वेळी उशिरा निघालो आणि साडेबाराला वृक्षरेषेच्या वर होतो, नुसता उघडा माळ. आधी काठ्यांची टोकं गुणगुणायला लागली, मग मुलीचे केस उभे राहिले. सगळं टाकून पळत खाली. तेव्हापासून माझा नियम, बाराच्या आत झाडांत परत. मुलगी आता १४ ची आहे, ती मला उठवते पहाटे तीनला.

पाऊलखुणा
एक विषय कोणीच काढत नाही, म्हणून मी काढते. पाळी.

हर की दून, गोविंद राष्ट्रीय उद्यान, २०१८. सांक्रीहून निघालो आणि दुसऱ्याच दिवशी, ओसलाच्या अलीकडे, पाच दिवस आधी आली. उंचीने, श्रमाने तारीख हलते हे मला माहीत नव्हतं. बरोबर नऊ मुलगे आणि मी, आणि एक दीदी स्वयंपाकाला, गढवालची. माझ्याकडे काही नव्हतं. दीदींनी स्वतःच्या जुन्या धुतलेल्या ओढणीच्या घड्या करून दिल्या आणि काही न विचारता माझी सॅक स्वतःच्या खेचरावर टाकली. रात्री पाणी तापवून बाटलीत भरून दिलं, पोटाशी धरून झोप म्हणाल्या. तारखेशी संबंध न ठेवता सामान नेहमी बरोबर ठेवा हे त्यांनीच शिकवलं.

वापरलेलं तिथे पुरू नका, जनावरं उकरतात. दुहेरी झिपच्या पिशवीत, बाहेरची अपारदर्शक, आत थोडी चहापावडर टाकायची म्हणजे वास येत नाही. सगळं खाली घेऊन यायचं. बाकी शौचाला पाण्यापासून ६० मीटर, म्हणजे सत्तर पावलं लांब, वीतभर खड्डा, वरून माती. छोटं खुरपं सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, अंधारात शोधायला लागू नये.

मेतकूटभात
चहापावडर! इतकी वर्षं फिरते, हे माहीत नव्हतं. धन्यवाद गं.

केतकी_आर
पाऊलखुणा ❤️ हे माझ्या भाचीला पाठवतेय.

तीर्थन
मुलाला घेऊन गेलो होतो ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कात, तो अकरा वर्षांचा. गुशैणीहून तीर्थन नदीच्या काठाने रोल्लापर्यंत. अवघड चढ नाही, पहिल्या वेळेला मुलांसाठी याहून चांगली वाट मला माहीत नाही. आत हॉटेल नाही, दुकान नाही, गाडी नाही. परवाना काढावा लागतो. २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं.
मुलगा रात्री नदीच्या आवाजाला घाबरला. सारखा म्हणायचा, बाबा पाऊस पडतोय. बाहेर नेऊन चांदणं दाखवलं तेव्हा झोपला. सकाळी मोनाल पक्षी दिसला, ओढ्यापलीकडे, उन्हात निळा-हिरवा-तांबडा. जुजुराणा नाही दिसला. बरोबरचे भाऊ सांगत होते, त्यांच्याकडे म्हणतात की देवाने सगळ्या पक्ष्यांचा एकेक सुंदर रंग घेऊन तो पक्षी केला. मुलाने शाळेत तेवढाच निबंध लिहिला, बाकी ट्रेक दोन ओळींत.

कोथरूडकर
आमचा पहिला तंबू सोसायटीच्या गच्चीवर 😄 पाऊस आला आणि खाली आलो. मुलं अजून तीच ट्रिप बेस्ट म्हणतात.

रानजाई
सह्यवेडा, तेव्हाचा आमचा तीन किलोच्या वर होता. २.४ चालेल, दोघांत वाटून घ्या, एकाने कापड, दुसऱ्याने काठ्या. आणि तंबूची वरची हवेची खिडकी थंडी असली तरी उघडी ठेव, नाहीतर श्वासाचं पाणी आतून ठिबकतं आणि झोपायची बॅग ओली होते.
केतकी, लेकीला तुझं आख्खं वाचून दाखवलं. तिच्या वाटेवर ग्लेन पास आहे, ३,६०० मीटरच्या वर. मैत्रिणींना पण पाठवते म्हणाली.

नीलिमा_५८
मी ५८ ची आहे, गुडघे कुरकुरतात. नवरा गेल्यापासून कुठे गेले नाही. एकदा तरी तंबूत झोपायचं आहे. हसू नका कोणी.

आजोबा_साताऱ्याचे
हसण्यासारखं काय आहे त्यात. काठ्या दोन घ्या, एक नव्हे. उतरताना गुडघ्याचा भार हातावर येतो. आणि सामान स्वतः वाहू नका.

तीर्थन
नीलिमाताई, रोल्ला. खरंच. सामान वाहायला गावातली माणसं मिळतात, सावकाश चाललात तरी एका दिवसात पोचता. मे किंवा ऑक्टोबर. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का बघा, माहिती देतो.

नीलिमा_५८
केला आहे व्यनि.

रानजाई
लेक निघाली. आता पाच दिवस फोन लागणार नाही. जॅकेट, जाळी, दोन काठ्या. पाऊलखुणा, तुझी चहापावडरसुद्धा. मी अवनीचं पिठलं करून पिशव्यांत भरलं, तिने उघडून वास घेतला आणि विचारलं, "यात हिंग का नाही?" परत भाजलं. सॅक १२ किलोची झाली.
डबा भरताना ओरखड्यांवर बोट फिरवत होती. मी काही बोलले नाही.

मेतकूटभात
पोचली की कळव गं. आणि अवनी, एका माणसाला बेसन किती घेतेस?

अवनी_डेन्व्हर
अर्धी वाटी. भूक लागते वर, पाऊणच घे.